उलट उत्तर

मंगळवार, ३

थोरल्या सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर धूळ नको, वाकणं नको आणि ओरडणं तर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. न ओरडता सरांनी जगायचं कसं, ते काही सांगितलेलं नाही.

तेव्हा चौदा तारखेला गिरणीच्या संघाशी जो सामना आहे, त्यात बाकावर मी एकटा. एकोणीस वर्षं कंपनीच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा 'धाकटा सर' आहे. दिवसा स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतो, पाचनंतर हॉलमध्ये मुलींना पळवतो. आज भेटायला गेलो तेव्हा डोळ्यावरच्या पट्टीआडून सर म्हणाले, "वही घाल एक. रोजचं लिहून काढ. आणि नीट जिंकलास ना, तर माझ्या जागी तुझंच नाव सुचवतो. मला आता पुरे झालं."

म्हणून ही वही. चोपन्नाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदा संधी मिळते, तेव्हा त्याचं अक्षरसुद्धा सुधारतं असं दिसतंय.

गुरुवार, ५

आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. वहीला सांगायला हरकत नाही, वही कुठे बोलते.

गिरणीच्या संघात यंदा एक नवी मुलगी आलीय. जाड, लांब वेणी घालते, म्हणून सगळे तिला वेणीवाली म्हणतात. तिने म्हणे तीन संघ एकटीने लोळवले. आम्ही कोणीच तिला खेळताना पाहिलेलं नाही. मी पाळी सुटल्याबरोबर थेट गिरणीच्या हॉलवर गेलो. सराव बघायला कोणालाही बंदी नाही, पण व्हिडिओ काढताना दिसलो तर शोभा झाली असती. मग एक शक्कल लढवली. गॅलरीत मैदानाकडे पाठ करून बसलो, फोनचा पुढचा कॅमेरा सुरू केला आणि तो असा धरला, की माझ्या खांद्यावरून मागचं मैदान दिसेल. बघणाऱ्याला वाटावं, बाबा व्हिडिओ कॉलवर घरच्यांशी बोलतोय. मीसुद्धा सोंग पुरतं वठवलं. "हो हो. जेवलीस का गं? मी पण जेवतो. काळजी करू नकोस." असं चाळीस मिनिटं! त्यांचा पहारेकरी इतका भला, की मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "घरच्यांना वेळ देता, फार बरं वाटतं बघून."

पाणी प्यायलो. आणि पुन्हा फोनकडे बघून "हो हो" म्हणालो.

रविवार, ८

सकाळपासून पाच तास व्हिडिओ पाहिला. डोळ्यांत तेल घालून, थांबवून, मागे नेऊन.

वेणीवाली डावखुरी आहे. चेंडू घेऊन एक्केचाळीस वेळा आत घुसली, त्यातल्या तेहतीस वेळा डावीकडून. उजवीकडून घुसली तेव्हा निम्म्या वेळा चेंडू घालवला. म्हणजे उजवी ही तिची कच्ची बाजू. सरळ हिशेब. डावी वाट बंद करायची, उजवी मोकळी सोडायची. जा बाई, तिकडूनच जा.

गिरणीवाल्यांचा एकूण कारभार मात्र बघण्यासारखा आहे. भिंतीवर हे एवढं थोरलं घड्याळ, आकडे नाहीत, नुसत्या रेघा. मी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात पाच वीस झाले होते आणि व्हिडिओत त्यांचं घड्याळ दाखवतंय सात वाजायला वीस मिनिटं! घड्याळ लावता येत नाही आणि म्हणे चँपियन.

मंगळवार, १०

वेणीवालीवर घोरपडीला लावणार. घोरपड म्हणजे आमची पॅकिंगमधली मुलगी. एकदा चिकटली की सोडत नाही, म्हणून हे नाव. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण समोरचीचा श्वास कोंडते.

तिची एकच अडचण. डावं-उजवं म्हटलं की क्षणभर अडखळते. लहानपणापासूनची खोड. त्यातून बचावात कायम घोळ असतो, की तिची डावी की माझी डावी? म्हणून आमच्या हॉलमध्ये मी तिच्यासाठी "दार" आणि "खिडकी" म्हणतो. दुसऱ्यांच्या हॉलमध्ये दारं-खिडक्या आपल्या सोयीच्या नसतात, तेव्हा ती सामन्याआधी बॉलपेनने हातावर फुली काढते. ज्या हाताला फुली, ती बाजू बंद. वेणीवालीची डावी बंद करायची म्हणजे घोरपडीचा उजवा हात. दहादा घोकून घेतलं.

"फुली कुठे?"

"उजव्या हातावर."

"का?"

"तिची डावी बंद करायची म्हणून."

"शाबास."

यंदा पाच हंगामी मुलींपैकी दोघींना कंपनी कायम करणार आहे. एकतीस तारखेला यादी लागेल, उरलेल्या तिघींची नोकरी त्याच दिवशी संपेल. घोरपडीचं नाव जवळजवळ पक्कं आहे असं मॅनेजरबाई मागे म्हणाल्या होत्या. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईचे गुडघे गेलेत. तिला म्हटलं, "हा सामना नीट खेळ, मग बघायला नको." ती फक्त हसली.

रविवार, १५

हरलो. एकाहत्तर–अठ्ठावन्न. एकट्या वेणीवालीने चौतीस मारले आणि सगळे उजवीकडून. घोरपडीने सांगितल्याप्रमाणे डावी वाट अशी बंद केली, की मुंगी जाणार नाही. आणि उजवीकडून ती बया घरच्या जिन्याने उतरावं तशी जात होती.

मला वाटत राहिलं, आता चुकेल, आता चुकेल. एक्केचाळीस वेळा मोजलंय मी. पाच तास मोजत बसलेला माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, आकड्यांवर ठेवतो.

सामन्यानंतर मॅनेजरबाई खाली आल्या. त्या प्रेक्षकांत होत्या. सगळ्या मुली पिशव्या भरत होत्या. बाई म्हणाल्या, "मला खेळातलं फारसं कळत नाही. पण ती मुलगी उजव्या हाताने खेळते, उजवीकडून जाते, हे मलासुद्धा दिसलं. आपण तीच बाजू उघडी ठेवली. हे ठरवलं कोणी?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "मी तर उजवी बंद कर म्हटलं होतं. आमच्या घोरपडीचं डावं-उजवं तुम्हाला माहीतच आहे!" आणि हसलो. मुलीही हसल्या. गोंधळाची गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

घोरपड हसली नाही. तिने उजव्या हातावरची फुली पाहिली. घामाने फिसकटली होती, पण होती. मग म्हणाली, "मग फुली चुकीच्या हातावर पडली म्हणायची."

बिचारीचा स्वतःवर विश्वासच नाही. मला त्या वेळी जरा हायसं वाटलं.

सोमवार, १६

मॅनेजरबाईंनी घोरपडीकडून लेखी खुलासा मागितला. साधी सूचना उलट ऐकणाऱ्या मुलीला कायम करायचं का, असा प्रश्न समितीत निघालाय म्हणे. मी म्हटलं, "अहो, एखादा दिवस जातो असा." इतकंच म्हटलं. यापेक्षा जास्त म्हणायचं तर खरं बोलावं लागलं असतं.

पण खरं काय, हे मलाही कळत नाहीये. व्हिडिओत ती डावखुरीच आहे. पुन्हा पाहिला. डावखुरीच.

बुधवार, १८

आज बायकोने मला पकडलं. तेही भलत्याच चोरीसाठी.

ती कपडे दुरुस्त करून देते. घरात मशीन, दाराला पाटी, संघाचे गणवेशही तिच्याकडेच येतात. संध्याकाळी मी व्हिडिओ लावून बसलो होतो. ती आतून चहा घेऊन येते तो फोनमधून माझाच आवाज, लाडाचा, "जेवलीस का गं? काळजी करू नकोस."

चहा खाली ठेवला. "कोणाला विचारताय?"

"कोणाला नाही गं."

"कोणाला नाही, असा सूर तीस वर्षांत मला नाही लावलात."

मग काय करतो? सगळी हकिगत सांगावी लागली. गॅलरी, पाठ, सोंग, पहारेकरी. पटेना. म्हणून अख्खा व्हिडिओ तिच्यापुढे धरला. ती चष्मा लावून बघत बसली. आधी संशयाने, मग हसत, मग एकदम हसायची थांबली.

"हा शिट्टीवाला कोण?"

"त्यांचा प्रशिक्षक."

"याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?"

"असेल एखाद्याला आवड."

"खिसा डावीकडे असतो. आणि बटणपट्टी बघा. पुरुषाच्या शर्टाची अशी नसते. एवढा शर्ट कोणी उलटा शिवत नाही. शर्ट उलटा नाहीये, चित्र उलटं आहे." मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन तिने आपल्या फोनवर पुढच्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या शर्टाचा खिसा उजवीकडे होता. "आरशासारखं होतं हे. तुमच्या नव्या फोनचं पण असंच. भाचीच्या फोटोत दुकानाची पाटी उलटी आली होती, आठवतं?"

आठवलं. आणि घड्याळही आठवलं. पाच वीस आरशात पाहिले, तर सात वाजायला वीस मिनिटं होतात. गिरणीचं घड्याळ बरोबर होतं. मीच उलटा बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पाठ दाखवून केलं.

बायको म्हणाली, "चला, कळलं एकदाचं. उद्या जाऊन सांगून टाका. माणसाकडून होतं."

मी मान हलवली. घोरपडीवर ढकललंय हे तिला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं. तिने गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मग उद्या नाही, आजच जा." मी म्हटलं, ऑफिस बंद झालं.

आता आणखी एक लिहायचंय. चौदा तारखेचं, पंधराच्या पानात मी गाळलेलं. सामन्याआधी मुली चेंडू टाकून अंग मोकळं करत होत्या, तेव्हा घोरपड माझ्याजवळ आली होती. हळूच म्हणाली, "सर, ही उजव्या हाताने मारतेय."

मी म्हणालो, "नाटक करते ती. मुद्दाम. तुला सांगितलं तेवढं कर."

"पण सर, घुसतेय पण उजवी..."

"उलट उत्तर नको."

तिने मान खाली घातली आणि गेली. डाव्या-उजव्यात अडखळणाऱ्या मुलीला त्या दिवशी डावं-उजवं बरोबर कळलं होतं, आमच्या संघात एकट्या तिला.

शुक्रवार, २०

काल गेलो नाही. स्टोअरमध्ये माल आला होता. माल रोजच येतो.

आज दुपारी घोरपडच स्टोअरमध्ये आली. हातात खुलाशाचा कागद. म्हणाली, "सर, तुमचं लिहिणं चांगलं आहे. जरा बघता का? चूक राहायला नको."

वाचलं. 'दि. १४ रोजी सरांनी मला समोरच्या खेळाडूची उजवी बाजू बंद करायला सांगितली होती. मी ते उलट ऐकले. त्यामुळे संघ हरला. चूक माझी आहे.'

माझ्या खिशात लाल पेन असतं, माल तपासायचं. ते काढलं. 'ऐकले' खोडून 'समजले' केलं. 'चूक माझी आहे'च्या आधी 'अनवधानाने झालेली ही' असं घातलं. 'रोजी'नंतर स्वल्पविराम दिला, मग खोडला. हे सगळं मी केलं. या हाताने. समोर ती उभी.

"आणखी काही सुधारायचंय का सर?"

"नाही. छान झालंय."

"नीट बघा हं. एकदा दिलं की दिलं."

"बघितलं."

"म्हणजे हे सगळं असंच होतं ना सर? सरांनी उजवी सांगितली, मी उलट समजले?"

किती भोळी असावी एखादी मुलगी! मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी म्हणालो, "हो. असंच." तिने कागदाची नीट घडी घातली, माझ्याकडे पाहिलं, थोडी थांबली, आणि गेली. कशासाठी थांबली होती कोण जाणे.

सोमवार, २३

बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाल्या बाई?"

"बघू म्हणाल्या."

तीस वर्षांच्या संसारात सटरफटर खोटं खूप बोललो असेन, पण हे सटरफटर नव्हतं. ती खूश झाली. रात्रीच्या जेवणात मला आवडतं ते केलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, नाही म्हणालो असतो तर तिला संशय आला असता. चोराच्या मनात चांदणं.

थोरल्या सरांचा फोन आला होता. पट्टी निघालीय. म्हणाले, "एक सामना गेला तर गेला. तुझं नाव मी सुचवलंय. बाईंनाही पसंत आहे." मी आभार मानले. दोनदा मानले.

बुधवार, २५

घरी आलो तर दारात ओळखीच्या चपला. आत घोरपड स्टुलावर बसलेली आणि बायको तिच्या पँटची चेन बदलत होती. माझी पाचावर धारण बसली.

बायको हसत म्हणाली, "बरं झालं बाई, सगळं निस्तरलं. यांनी सांगितलं ना ऑफिसात, उलटा व्हिडिओ ते..."

मशीन थांबलं नाही, पण मला ते थांबल्यासारखं वाटलं. घोरपडीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती बायकोला म्हणाली, "हो काकू. सर सगळ्यांना सांभाळून घेतात."

पँट घेऊन ती गेली. बायकोने दोऱ्याचं टोक तोडलं, सुई गादीला टोचली. मुलीने माझी लाज राखली होती, पण बायको कच्च्या गुरूची चेली नाही. म्हणाली, "त्या मुलीला व्हिडिओचं काहीच माहीत नव्हतं. तोंड बघितलं मी तिचं. तुम्ही सांगितलेलं नाही."

मी दारातल्या चपला सरळ लावायला वाकलो.

"चुकीची शिवण उसवावी लागते हो. वरून इस्त्री फिरवून भागत नाही." एवढं बोलून ती आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिलाच माझी लाज वाटत होती, मला शिक्षा देतेय असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

शुक्रवार, २७

सांगितलं. अर्धं.

सकाळीच मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेलो. फोन दाखवला, खिसा दाखवला, घड्याळ दाखवलं. मी चोरून चित्रण केलं, ते उलटं आलं, त्यावरून मी चुकीची सूचना दिली, आणि हरल्यावर घाबरून ती मुलीवर ढकलली, असं एका दमात बोललो. बोलून झाल्यावर माझे पाय इतके हलके झाले, की वाटलं आता उठावं आणि जावं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चित्र उलटं निघालं, ही चूक. खोटं बोललात, हा गुन्हा. दोन्ही लिहून द्या. प्रशिक्षकपदाचं आता विसरा."

"विसरलो, बाई. पण तिचं नाव यादीत..."

"तिचं काय? ती चाळीस मिनिटं त्या मुलीच्या समोर उभी होती. मला वरून दिसलं ते तिला समोरून दिसू नये? आणि दिसलं असेल तर तोंड उघडू नये? सूचना चुकीची आहे हे कळूनही गप्प बसणारं माणूस मशीनवर उभं केलं, तर बोटं जातील कोणाची तरी. समितीचा आक्षेप तसाच राहणार. खेळात लक्ष नाही म्हणा, नाहीतर धमक नाही म्हणा."

इथे मला तीन शब्द बोलायचे होते. तिने सांगितलं होतं. तीन शब्द. तोंडापर्यंत आले. आणि मी गिळले.

का गिळले ते आज स्वच्छ लिहितो, नाहीतर ही वही कशाला. व्हिडिओ उलटा आला यात माझी फजिती आहे, लोक हसतील आणि विसरतील. घाबरून खोटं बोललो, तेही लोक समजून घेतील, घाबरत कोण नाही? पण चोवीस वर्षांची मुलगी येऊन खरं सांगते आणि मी तिला गप्प करतो, कारण मी सर आणि ती घोरपड, याला काय म्हणणार? एकोणीस वर्षं मी बाकावर 'डोळे उघडे ठेवा, बोला, एकमेकींशी बोला' असं ओरडत आलोय.

बाई म्हणाल्या, "सोमवारी मी हॉलवर येते. मुलींसमोर तुम्हीच सांगा काय झालं ते. त्या मुलीलाही दोन प्रश्न विचारीन. मग यादी पक्की."

रविवार, २९

बायकोला सगळं सांगितलं. अर्धं सांगितलं आणि अर्धं राहिलं, हेही सांगितलं. ती बटणं लावत होती. म्हणाली, "उद्या मी येऊ का हॉलवर?" मी नको म्हटलं. ती म्हणाली, "बरं. पण आल्यावर मी विचारीन."

सोमवार, ३०

साडेपाचला बाई आल्या. बारा मुली बाकांवर, मी समोर उभा. रोज मी उभा असतो आणि त्या पळत असतात, आज त्या बसलेल्या आणि पळावंसं मला वाटत होतं.

व्हिडिओचं सांगितलं. "जेवलीस का गं" वर दोघी-तिघी खुदकन हसल्या, कप्तानने डोळे वटारले तशा गप्प झाल्या. मग म्हणालो, "सूचना मी चुकीची दिली होती. घोरपडीने बरोबर ऐकली होती. फुली बरोबर हातावर होती. मी तुमच्यासमोर खोटं बोललो आणि तुम्हाला हसवलं." या वेळी कोणी हसलं नाही. घोरपड शेवटच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसली होती.

मग बाई तिच्याकडे वळल्या. "समोरची उजव्या हाताने खेळतेय, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"कधी?"

"खेळ सुरू व्हायच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

घोरपड उठली. तिला सांगता आलं असतं. पण एकदा तिच्या खऱ्यावर माझं खोटं अकरा जणींनी हसत हसत मानलं होतं, मग आज तिच्या बोलण्याला कोणती किंमत येणार होती? तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "सर सांगतील."

हॉलमध्ये कोणीतरी चेंडू पायाखाली धरला होता, तो सुटून घरंगळत गेला. कोणी आणायला उठलं नाही. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं? स्टोअरची चावी टेबलावर राहिली की खिशात आहे, हे. माणूस स्वतःपासून पळतो तेव्हा अशा फालतू वाटांनी पळतो.

मी म्हणालो, "तिने सांगितलं होतं. मला येऊन सांगितलं होतं, की ही उजव्या हाताने मारते. मीच तिला म्हणालो, उलट उत्तर नको."

बाईंनी लिहून घेतलं. मला वाटलं, झालं. शेवटपर्यंत सांगून झालं, आता राहिलं काही नाही.

तेवढ्यात घोरपड म्हणाली, "दोनदा, सर."

आवाज चढलेला नव्हता. खेळाचे गुण कमी लिहिले गेले, तर मुली टेबलाशी जाऊन सांगतात, तसं सांगितलं तिने. "दोनदा सांगितलं होतं. मध्यंतरात पण."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तरी मी म्हणालो, "असेल. ती म्हणते तर असेल." घोरपड खाली बसली.

मंगळवार, ३१

यादी लागली. दोन नावं. दुसरं तिचं. ती सकाळी पॅकिंगमधून येऊन यादी वाचून गेली, असं शिपाई म्हणाला. स्टोअरकडे आली नाही. यायचं कारणही नव्हतं. मी उद्यापासून हॉलवर जायचं नाही, असा कागद मला मिळालाय. थोरले सर पुन्हा येतील, गॉगल लावून.

बायकोने काल आल्या आल्या विचारलं. मी सगळं सांगितलं, 'दोनदा'सकट. ती म्हणाली, "आणि तुम्हाला एकदाच आठवलं?" मी ही वही उघडून तिला पंधरा आणि अठराचं पान दाखवलं. अठराला इतकं लाजून लाजून कबूल केलंय, पण मध्यंतराबद्दल एक ओळ नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत स्टोअरचं दार ओढून घेतलं आणि ते मध्यंतर आठवायला बसलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं. आम्ही दहा गुणांनी मागे होतो. मी बाकाच्या टोकाला उभा राहून कागदावर काहीतरी खरडत होतो. घोरपड पाण्याची बाटली घेऊन आली. केस कपाळाला चिकटलेले, धापा टाकत होती. म्हणाली, "सर, पाणी घ्या." मी घेतली बाटली. मग ती म्हणाली, "सर, ती उजवीच आहे. मी तिकडे जाऊ का?"

मी पाणी प्यायलो, बाटली तिच्या हातात परत दिली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. त्या वेळी तर मी तिला 'उलट उत्तर नको' एवढंही म्हणालो नव्हतो.